झालंच समजा

देवसरा तालुक्याचं डायलिसिस केंद्र गुरुवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी पूर्ण झालं. त्या क्षणी केंद्रात पाच खुर्च्या होत्या, प्लास्टिक न काढलेली पाच यंत्रं होती आणि एका खुर्चीवर मांजर झोपलेलं होतं. पाणी नव्हतं. पाणी शुद्ध करणारा प्लँट जिथे बसायचा होता तिथे जमिनीतून चार बोल्ट वर आले होते, आणि त्यांतल्या दोहोंना दोरी बांधून गवंड्याने आपला शर्ट वाळत घातला होता.

तरीही केंद्र पूर्ण झालं याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. जिल्ह्याच्या गावी, प्रकल्पदर्शन मंडळाच्या सभागृहात, भिंतभर पडद्यावर देवसरा तालुका पिवळ्याचा हिरवा झाला होता. हजर असलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांत हेमंत बोराडे होते. त्यांनी इतरांपेक्षा जरा जास्तच वाजवल्या, कारण त्यांची बायको या केंद्राची दीड वर्षं वाट पाहत होती.

हेमंतराव मंडळात 'सांधा अभियंता' होते. हे काम सांगायला सोपं आणि करायला कंटाळवाणं होतं. एका बाजूला 'मागोवा' नावाचं सॉफ्टवेअर. त्यात जिल्ह्यातला प्रत्येक प्रकल्प कामांमध्ये फोडलेला, कामं उपकामांमध्ये फोडलेली, आणि प्रत्येकासमोर एक आकडा: किती टक्के झालं. दुसऱ्या बाजूला पडदा. मधला सांधा हेमंतरावांचा. तो दर पंधरा मिनिटांनी मागोव्यातले आकडे उचलायचा, धुऊनपुसून घ्यायचा, देवसरा, देवसरे आणि देवसरा बुद्रुक ही एकच आहेत की तीन याचा निवाडा करायचा आणि सगळं पडद्यावर मांडायचा. पडद्यावर जिल्ह्याला बोट लावलं की तालुके उघडायचे, तालुक्याला लावलं की प्रकल्प, प्रकल्पाला लावलं की कामं. मंत्रिमहोदय आले की अर्धा अर्धा तास बोट लावत बसायचे. बोट लावल्याबरोबर काहीतरी उघडतं हे सुख त्यांच्या धंद्यात दुर्मीळ असतं.

अडचण एकच होती. मागोव्यात कोणी आकडे भरायचं नाही. साइटवरचा माणूस दिवसभर उन्हात राबून संध्याकाळी टक्केवारी भरत बसेल, ही कल्पना एसीत बसलेल्या माणसालाच सुचू शकते. त्यावर उपाय म्हणून पाच वर्षांपूर्वी मंडळाने 'कान' आणला. कान म्हणजे भाषा समजणारं यंत्र. ते स्वतःच ठेकेदारांना फोन करायचं, "झालं का?" असं विचारायचं आणि उत्तरावरून आकडा काढून मागोव्यात भरायचं. माणसांचे आपसातले कामाचे फोन, बैठकीतलं बोलणं, वॉर्डातलं बोलणं हेही ते ऐकायचं. भरायची कटकट संपली. नुसतं बोलायचं, आणि बोलायला आपल्याकडे कधीच कोणाची ना नसते.

कानाला मराठी शिकवायची म्हणजे व्याकरण शिकवायचं नव्हतं. चाळीस हजार वाक्यं घ्यायची, प्रत्येकासमोर माणसाने एक आकडा लिहायचा, आणि वाक्यं नि आकडे यांच्यातलं नातं यंत्राने आपलं आपण हुडकायचं. आकडे लिहायला तिघांना बसवलं होतं. त्यात हेमंतराव होते. 'बघू'ला शून्य यावर लगेच एकमत झालं. 'बघतो'ला पाच, 'करतो'ला दहा. 'करतोच' आलं तेव्हा पहिला वाद झाला. व्याकरणाप्रमाणे 'च' लागला की खात्री वाढते, अनुभवाप्रमाणे घटते. शेवटी 'करतोच'ला आठ मिळाले. 'होतंय'ला चाळीस. 'फक्त शेवटचा हात फिरवायचा राहिलाय' याला बत्तीस, कारण तिघांनीही घरं बांधलेली होती.

मग आलं 'झालंच समजा'.

एक जण म्हणाला साठ. दुसरा म्हणाला दहा, आणि त्याने आपल्या शिंप्याचं उदाहरण दिलं. हेमंतराव म्हणाले, शंभर.

त्यांच्याकडेही उदाहरण होतं. रोहिणीबाई हे दोन शब्द दिवसातून दहादा म्हणायच्या आणि एकदाही खोट्या ठरलेल्या नव्हत्या. "इस्त्री झालीच समजा" म्हणजे शर्ट हँगरवर. "थालीपीठं झालीच समजा, या" म्हणजे माणूस दारात चपला काढेपर्यंत ताटात लोण्याचा गोळा विरघळायला लागलेला. पंचवीस वर्षांच्या संसारात त्या शब्दांवर विसंबून हेमंतराव कधी उपाशी राहिले नव्हते. बाकी दोघांना पावणेसहाची बस गाठायची होती. शंभर लिहिले गेले.

त्यानंतर यंत्राने माणसांना फारसा त्रास दिला नाही. ते स्वतःच्या वह्या स्वतः तपासायला शिकलं. एखादं काम हिरवं झालं आणि अठ्ठेचाळीस तासांत कोणी हरकत घेतली नाही, की आपला अंदाज बरोबर होता असं ते धरायचं आणि त्या शब्दांवरचा त्याचा विश्वास एका दाण्याने वाढायचा. हरकत मागोव्यात भरायची होती. आणि मागोव्यात कोणी काही भरायचं नाही, हे आधीच सांगितलं.

गेल्या वर्षी मंडळाचे संचालक कुलथे साहेब यांना एक विचार सुचला. "पडदा नुसता बघायचा किती दिवस, बोराडे? त्याने काही कामही करावं." म्हणून हेमंतरावांनी उलटा सांधा जोडला. आता पडद्यावर जे हिरवं होईल त्याप्रमाणे पुढच्या गोष्टी आपोआप व्हायच्या. पूल हिरवा झाला की होडी बंद. शाळा हिरवी झाली की झाडाखालच्या वर्गाचे मास्तर बदलून जायचे. मधले कागद, मधल्या सह्या, मधली माणसं, सगळं गेलं. कामं इतक्या वेगाने व्हायला लागली की ती व्हायच्या आधीच होऊ लागली.

*

गुरुवारी संध्याकाळी हेमंतराव देवसऱ्याला घरी पोचले तेव्हा रोहिणीबाई फोन हातात घेऊनच दारात उभ्या होत्या.

"अहो, मेसेज आला! सोमवारपासून मला आपलं देवसरा केंद्र दिलंय. इथून दहा मिनिटं. चालत जायचं, चालत यायचं."

त्यांच्या किडन्या दीड वर्षापूर्वी थकल्या होत्या. सोमवार, बुधवार, शनिवार, दोन तास एसटीने जिल्ह्याच्या गावी, चार तास यंत्रावर, दोन तास परत. परत येताना बसमध्ये त्या खिडकीला डोकं टेकून बसायच्या आणि गतिरोधक मोजायच्या. एकोणचाळीस होते.

"शनिवारी शेवटची खेप," त्या म्हणाल्या. "नलिनी सिस्टरांना काहीतरी न्यायला पाहिजे. लाडू करते. मला एक तरी खाता येईल ना हो?"

"अर्धा," हेमंतराव म्हणाले.

शुक्रवारी ते सभागृहात एकटेच होते. बायकोचं केंद्र हिरवं झालेलं डोळे भरून पाहावं म्हणून त्यांनी देवसऱ्याला बोट लावलं. तालुका उघडला. केंद्राला लावलं, पाच कामं उघडली, पाचही हिरवी. जलशुद्धीकरण प्लँट, शंभर टक्के. त्याच्या कोपऱ्यात एक बारीकसा कान काढलेला होता. ही सोय त्यांनीच दिली होती: आकडा कुठल्या बोलण्यातून आला ते मुळापर्यंत जाऊन ऐकता यावं. पाच वर्षांत ती कोणी वापरलेली नव्हती. त्यांनी बोट लावलं.

आधी कानाचा गोड आवाज: "देवसरा प्लँट. झालं का?"

मग ढगे ठेकेदारांचा आवाज, मागे चहाच्या टपरीचा गलका: "झालंच समजा, साहेब."

हेमंतरावांनी ते चार वेळा ऐकलं. मग खुर्चीत बसले. सभागृहात खुर्च्या दोनशे होत्या. त्यांना कितीतरी वेळ त्यांतली एकही सापडली नव्हती.

*

शनिवारी रोहिणीबाई लाडवांचा डबा घेऊन शेवटच्या खेपेला गेल्या आणि हेमंतराव केंद्रावर गेले. ढगे तिथेच होते. मोठ्या मनाचा माणूस. कोणी आलं की आधी चहा सांगायचे.

"या साहेब, बसा. मांजराला उठवू का?"

"ढगे, प्लँट कुठंय?"

"निघालाय."

"कुठून?"

"तिकडून." त्यांनी पश्चिमेकडे हात केला. "त्याच्यातली जाळी बंदरात अडकली होती."

"मग तुम्ही झालं म्हणून का सांगितलंत?"

ढगे दुखावले. "साहेब, देवाशपथ, मी 'झालं' म्हणालो का? खोटं कशाला बोलू? 'झालंच समजा' म्हणालो. *समजा* म्हणालो. आता तुमच्या मशीनला समजलं नाही, तर त्यात माझी काय चूक?"

"नाही झालं, असं सांगायचं."

"सांगितलं की! चार महिने सांगितलं. नाही म्हटलं की दर तासाला फोन. झालं का, झालं का. तेराव्याला बसलो होतो तिथं पण फोन. 'झालंच समजा' म्हटल्यापासून बघा, कसं शांत शांत झालंय."

"आणि मशीनला साहेब म्हणता?"

"सवयीनं."

चहा आला. दोघांनी प्यायला.

"किती दिवस लागतील खरं?" हेमंतरावांनी विचारलं.

ढग्यांनी पहिल्यांदाच मान खाली घातली. "आता तेच तर. केंद्र हिरवं झालं आणि प्लँटची ऑर्डर आपोआप बंद झाली. पूर्ण झालेल्या कामाला माल कशाला पाठवायचा? गाडी अर्ध्या रस्त्यातून परत गेली, साहेब. मी ड्रायव्हरला फोन केला, तो म्हणतो, तुमचं तर झालंय."

डायलिसिसच्या एका खेपेला सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी लागतं, आणि ते इतकं शुद्ध लागतं की त्या मानाने आपलं बाटलीतलं पाणी म्हणजे गटार. यंत्रातल्या बारीक नळ्यांच्या एका अंगाला रक्त वाहतं, दुसऱ्या अंगाला हे पाणी, आणि रक्तातली घाण पाण्यात उतरते. पाणी घाणेरडं असेल तर ती उलटी चढते. म्हणजे प्लँटशिवाय डायलिसिस केंद्र हे फक्त पाच चांगल्या खुर्च्या असलेलं खोलीवजा ठिकाण असतं.

हेमंतरावांनी सुधारणा कक्षाला फोन लावला. तिथले पाटोळे कामाला चोख होते.

"एक नोंद चुकलीय, पाटोळे. देवसरा प्लँट. शंभरचं शून्य करा. पेशंट सोमवारपासून इकडे वळवलेत."

"नवीन काम उघडतो साहेब. 'देवसरा प्लँट, नोंद दुरुस्त करणे'. घेतलं बघा."

"आजच्या आज पाहिजे."

"झालंच समजा, बोराडे साहेब."

"असं म्हणू नका!" हेमंतराव ओरडले. मांजर उठून गेलं.

"का हो? करतोच की मी."

पण कानाने ऐकलं होतं. पंधरा मिनिटांत 'नोंद दुरुस्त करणे' हे काम हिरवं झालं आणि पाटोळ्यांच्या समोरून नाहीसं झालं. पूर्ण झालेलं काम परत उघडायला नवीन काम उघडावं लागे. हेमंतरावांनी तेही उघडायला लावलं. पाटोळे या वेळी एक अक्षर बोलले नाहीत. पण त्यांच्या शेजारी बसणाऱ्या बाई कोणाला तरी घरून आणलेल्या पोह्यांबद्दल तेच दोन शब्द बोलल्या.

*

सोमवारी रोहिणीबाईंना डायलिसिस मिळालं नाही. हेमंतराव कुलथे साहेबांच्या दालनात उभे राहिले.

"बोराडे, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय," साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता. हेमंतरावांना त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं. "हे बघा. 'झालंच समजा' हे शब्द आपल्या यंत्रात एक कोटी ऐंशी लाख वेळा आलेत. एक कोटी ऐंशी लाख वेळा ते खरे ठरलेत. आणि तुम्ही एकटे येऊन सांगताय, की एकदा झालेलं नाही."

"साहेब, ते खरे ठरले म्हणजे कोणी हरकत घेतली नाही, एवढंच."

"मग त्यालाच खरं म्हणतात."

"तो शंभरचा आकडा मी लिहिला होता साहेब. मी चुकलो. मी बदलतो."

"बदला ना. कोणी अडवलंय?"

हेमंतरावांनी बदलला. शंभर खोडून दहा लिहिले. यंत्राने त्यांचं मत नोंदवून घेतलं, एक कोटी ऐंशी लाख मतांच्या शेजारी ठेवलं, आणि त्या शब्दांची किंमत शंभरावरून नव्याण्णव पूर्णांक नऊवर, मग नऊच्या पुढे कितीतरी नऊ अशा जागी आणली. पडदा पूर्णांकात दाखवायचा. पडद्यावर शंभरच राहिले.

जिल्ह्याच्या केंद्रात बारा खुर्च्या होत्या. रोहिणीबाईंची सोमवारपासून प्रतीक्षायादीतल्या दुसऱ्या माणसाला गेली होती. खासगी केंद्रं होती दोन, तीही याच यादीवर चालायची. मंगळवारी दुपारी त्यांना धाप लागली. आडवं पडलं की छातीवर कोणी बसल्यासारखं व्हायचं म्हणून त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. हेमंतरावांनी रुग्णवाहिका बोलावली. ती सात मिनिटांत आली. रोहिणीबाईंना ऑक्सिजन लावला, ड्रायव्हरने गाडीतल्या पडद्यावर दिसलेल्या सर्वांत जवळच्या पूर्ण केंद्राकडे गाडी घातली, आणि सायरन वाजवत त्यांना ढग्यांच्या दारात आणून उतरवलं.

ढग्यांनी चहा सांगितला नाही. ते केंद्राच्या मागे जाऊन उभे राहिले.

*

बुधवारी सकाळी, ऑक्सिजनवर रात्र काढलेल्या रोहिणीबाईंना जिल्ह्याच्या गावी आणून, हेमंतराव कार्यालयात आपल्या टेबलाशी बसले. सांध्याच्या पोटात एक तक्ता होता. कुठला पेशंट कुठल्या खुर्चीवर, हे तिथून पडद्याला कळायचं. तो उघडण्याचा अधिकार फक्त त्यांना होता, दुरुस्तीसाठी. बारा खुर्च्या, प्रत्येकीवर ठरावीक नावं. एक नाव आत घालायचं तर एक बाहेर काढायला हवं.

यादी तालुक्यांच्या नावाने लावलेली होती. पहिला तालुका आंबेगव्हाण. पहिलं नाव मालन सुपेकर, वय अठ्ठावन्न. आंबेगव्हाणचं केंद्रही त्याच सकाळी हिरवं झालं होतं, तिथले पेशंट अजून वळायचे होते.

त्यांना ते ऐकायची गरज नव्हती. तरी त्यांनी कानाला बोट लावलं. कोणीतरी दमलेली इंजिनिअर बाई होती. तिने ते दोन शब्द जांभई देत देत म्हटले होते.

हेमंतरावांनी मालन सुपेकर यांना आंबेगव्हाणला पाठवलं आणि रोहिणी बोराडे यांना त्यांच्या जागी बसवलं. या सगळ्याला चहाच्या एका घोटाइतका वेळ लागला.

*

"आल्या का माझ्या रोहिणीताई!" नलिनी सिस्टर म्हणाल्या. "मला वाटलं, लाडू खाऊ घालून विसरलात." त्यांनी दंडात सुया घातल्या, नळ्या जोडल्या. यंत्र घरघरायला लागलं. तासाभरात रोहिणीबाईंच्या चेहऱ्याला रंग आला, दीड तासात त्यांना बोलावंसं वाटायला लागलं.

"कोणाची हो ही खुर्ची?"

"रिकामी होती," हेमंतराव म्हणाले.

"रिकामी कसली!" नलिनी सिस्टर पलीकडून म्हणाल्या. "मालनमावशींची. आज सकाळी त्यांना मेसेज आला, आंबेगव्हाणला जा म्हणून. त्या गेल्या नाहीत. बाहेर व्हरांड्यात बसल्यात सुनेबरोबर. म्हणतात, कोणी नाही आलं तर मला घ्या."

रोहिणीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. हेमंतराव जमिनीकडे पाहत होते.

"अहो."

"काय?"

"वर बघा."

त्यांनी वर पाहिलं आणि सगळं सांगितलं. तक्ता, आंबेगव्हाण, जांभई. मग त्याच्या मागचंही: चाळीस हजार वाक्यं, पावणेसहाची बस आणि शंभर का दिले ते.

"माझ्या थालीपिठांवरून?" रोहिणीबाईंनी विचारलं.

"हो."

त्या हसायला लागल्या. दंड हलला आणि यंत्राने किंकाळी फोडली. सिस्टर धावत आल्या, नळी सरळ केली. रोहिणीबाई हसता हसता थांबल्या तेव्हा त्यांचे डोळे कोरडे होते.

"किती वेळ झाला, सिस्टर?"

"दोन तास. अजून दोन आहेत."

"सोडा मला."

"वेड लागलंय का?"

"सोडा म्हणते ना. आणि त्या मावशींना घ्या."

"रोहिणी, असं करू नकोस," हेमंतराव म्हणाले. "दोन दिवस तू—"

"तुम्ही बोलू नका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. पंचवीस वर्षांत त्यांनी हे वाक्य नवऱ्याला म्हटलं नव्हतं.

नलिनी सिस्टरांनी नळ्या सोडल्या, सुयांच्या जागी कापूस दाबला, आणि बाहेर ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हणाल्या, "झालं बरं का रोहिणीताईंचं! मालनमावशी, या!" वॉर्डातल्या कानाने ते ऐकलं. खुर्ची मोकळी झाल्याची नोंद झाली, यंत्रणेने सर्वांत जवळचा पेशंट शोधला, आणि तो व्हरांड्यातच होता. नव्या नळ्या लागल्या, यंत्र विनातक्रार सुरू झालं.

मालनबाई काटकुळ्या, कपाळावर मोठं गोंदण. खुर्चीत बसताना त्यांनी रोहिणीबाईंचा हात धरून ठेवला.

"पोरी, तुझं अर्धंच झालं की गं."

"अर्धं तुमचं, अर्धं माझं."

"भाकर अर्धी देत्यात मानसं. हे कुठनं काढलंस?"

परतीच्या बसमध्ये रोहिणीबाई नवऱ्याशी बोलल्या नाहीत. पण गतिरोधक मोजताना पुटपुटत होत्या आणि हेमंतरावांनी ते चांगलं लक्षण मानलं. त्यांना वाटलं, यंत्राला न सुचलेली वाट माणसाने काढली. आज दोघी वाचल्या.

*

शनिवारी कुलथे साहेबांनी त्यांना सभागृहात बोलावून घेतलं. साहेबांचा चेहरा लग्नघरातल्यासारखा होता.

"बोराडे, बुधवारी काय झालं, तुम्ही पाहिलंत का?"

हेमंतरावांना वाटलं, तक्त्यातली अदलाबदल सापडली. पण साहेब पडद्याकडे बोट दाखवत होते. बुधवारच्या त्या पाळीतल्या बारा खुर्च्यांच्या बारा पट्ट्या. अकरा पट्ट्यांवर एक उपचार, चार तास. एका पट्टीवर दोन उपचार, प्रत्येकी दोन तास, दोन्ही पूर्ण, अठ्ठेचाळीस तासांत हरकत नाही.

"पडद्याने स्वतः सुचवलंय," साहेब म्हणाले. "दोन तासांत होत असेल तर चार कशाला? सगळ्यांना दोन तास. बारा खुर्च्यांच्या चोवीस झाल्या, एक वीट न लावता! प्रतीक्षायादी बघा."

प्रतीक्षायादी एकशे सोळा होती. साहेबांनी 'मान्य'ला बोट लावलं. ती शून्य झाली.

"साहेब, दोन तासांत माणूस जगत नाही."

"लगेच मरतो का?"

"नाही. लगेच नाही."

"मग?"

साहेबांनी हे दुष्टपणाने विचारलं नव्हतं. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. हेमंतरावांना उत्तर माहीत होतं, पण ते टक्क्यांत येत नव्हतं. त्यांनी मालन सुपेकर हे नाव कसं हलवलं तेही साहेबांना सांगून टाकलं. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, असं काही नोंदीत दिसत नाही, तुम्ही उगीच मनाला लावून घेऊ नका.

*

मग सगळ्यांना दोन तास मिळायला लागले. रोहिणीबाई आणि मालनबाई यांना एकच खुर्ची आली, एकीनंतर दुसरी. मधल्या दहा मिनिटांत दोघी बोलायच्या. मालनबाई शेतातल्या भुईमुगाच्या शेंगा आणायच्या, सिस्टर ओरडायच्या, शेंगा सुनेला मिळायच्या. हेमंतराव व्हरांड्यात बसायचे. मालनबाई येता-जाता त्यांना "बरं हाय न्हवं, साहेब?" असं विचारायच्या. आपली खुर्ची कोणी हलवली होती हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दर खेपेला हेमंतराव सांगायचं ठरवून जायचे.

पाचव्या आठवड्यात मालनबाई आल्या नाहीत. सून आली, केंद्राने दिलेली उपचारांची वही परत करायला. पडद्यावर त्यांची ओळ हिरवी होती. उपचार पूर्ण.

रोहिणीबाई त्या दिवशी घरी येऊन स्वयंपाकघरात गेल्या. हल्ली त्या आतून काही ओरडून सांगत नाहीत. ताट वाढतात, ओट्यावर ठेवतात आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून बसतात. जेवायला उठायचं की नाही ते हेमंतरावांनी वासावरून ओळखायचं.

निम्म्या वेळात निम्मंच पाणी अंगातून निघतं. उरलेलं कुठेतरी साठतं, आणि आधी पायांत साठतं. रोहिणीबाईंचा चपलांचा नंबर सहा. पावसाळा संपताना हेमंतरावांनी त्यांना सात नंबरच्या चपला आणल्या. दिवाळीच्या आत त्यांचे पट्टे पायांत रुतायला लागले, तेव्हा ते पुन्हा त्याच दुकानात गेले.

"आठ नंबर दाखवा. लेडीज."

दुकानदार ओळखीचा. त्याने खोकं काढलं, चपला कापडाने पुसल्या. "वहिनींचा पाय वाढतोय की काय, बोराडे साहेब? लहान मुलासारखा?"

हेमंतरावांनी चपलेच्या पट्ट्याखाली दोन बोटं घालून पाहिली. मग तीन घातली.

"ही द्या," ते म्हणाले. "आणि नऊ नंबर असेल तर तोही बांधून ठेवा."

"लेडीजमध्ये नऊ येत नाही हो," दुकानदार खोक्याला दोरी बांधत म्हणाला. "आठच्या पुढं कंपनी बनवतच नाही."